डॉक्टरची जीप दसऱ्यापर्यंत कोरडी

माझ्या दुकानात टेबलाखाली बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. पाण्याने खाल्लेले कपलर मी त्यात टाकतो. कपलर म्हणजे दोन वायरी जिथे एकमेकींना जोडतात ती प्लॅस्टिकची जोडणी. आत पितळेच्या पिना असतात आणि पाणी शिरलं की त्या कळकून हिरव्यागार होतात. एकेक कपलर भंगारात द्यायचा म्हणून डब्यात टाकतो, पण देववत नाही. कारण प्रत्येक कपलरमागे एक माणूस आहे आणि त्या माणसाला मी आधी बजावलेलं होतं! किस्से असेच साठत जातात. पहिला सांगताना राग येतो, दुसरा सांगताना जास्त येतो आणि डबा भरत आला की लोक चहा घेऊन समोर बसतात. "विलासभाऊ, तो बेडकाचा सांगा ना!" अरे, इथे माझं रक्त आटतंय आणि तुम्हाला करमणूक!

मी धारचा. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, घोड्यांचं बघायचे, असं वडील सांगत. घोडा नदीतून न्यायचा तर त्याच्या कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, एवढी अक्कल त्या लोकांना होती. आता घोड्याऐवजी जीप आली, तिच्यात कम्प्युटर आला, सेन्सर आले आणि अक्कल मात्र फौजेबरोबर परत गेली.

आमची चौकडी आहे. मी, देवासचा सुधाकर वकील, धामनोदला हायवेवर ढाबा चालवणारा कैलाश भिया आणि शरद. शरद म्हणजे आमचा डॉक्टर, जनावरांचा. शाळेपासूनचा माझा मित्र, नोकरीने लोहारद्याला गेला तो तिकडचाच झाला. चौघांकडेही चारही चाकं ओढणाऱ्या जीपा. आम्ही तिघं हौसेने चिखलात जातो. डॉक्टरला जावंच लागतं, कारण त्याचे पेशंट नाल्यापलीकडे राहतात आणि त्यांना दवाखान्यात या असं सांगता येत नाही.

*

यंदाच्या सगळ्या संतापाचं मूळ कुंदावहिनींच्या अटीत आहे. कुंदावहिनी म्हणजे डॉक्टरची बायको.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरची जीप नाल्याच्या मधोमध बंद पडली. तिचा ईसीएम, म्हणजे गाडीचा कम्प्युटर, खाली पुढच्या चाकाच्या मागे बसवलेला. पाणी सगळ्यात आधी तिथेच पोचतं! ज्याने ती जागा ठरवली त्याने जन्मात नाला पाहिला नसावा. डॉक्टर तीन तास बोनेटवर उभा होता, इंजेक्शनांची पेटी डोक्यावर धरून. पलीकडे एक गाय विताना अडली होती. ती गेली. शेवटी वहिनी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून, मांडीवर दोर घेऊन नवऱ्याला सोडवायला आल्या.

यंदा ज्येष्ठात वहिनींनी मला लोहारद्याला बोलावलं, पोह्यांची बशी समोर ठेवली आणि म्हणाल्या, "भावजी, आधी खाऊन घ्या. मग बोलते."

मी चार घासांत बशी रिकामी केली.

"दसऱ्यापर्यंत यांची जीप एकदा जरी पाण्याने बंद पडली, तर ती विकायची. आणि देवासच्या ऑफिसात बदली मिळतेय ती हे घेणार. तसं कबूल करून घेतलंय मी."

डॉक्टर कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होता. तो हळूच म्हणाला, "अगं, ऑफिसात म्हैस येत नाही."

"म्हणूनच!" वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरचं तोंड बघवेना. या माणसाला खुर्चीत बसवलं तर वर्षभरात वाळून जाईल, हे मला माहीत होतं. वहिनींनाही माहीत होतं, पण नाल्यात उभा राहिलेला नवरा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. मी तावात आलो. "वहिनी, माझा शब्द! दसऱ्यापर्यंत ही जीप पाण्याने बंद पडणार नाही. पडली तर मीच गिऱ्हाईक शोधून देतो!"

शब्द देऊन बसलो आणि मग आठ दिवस त्या जीपखाली राहिलो. ईसीएम तिथून काढून वर, बोनेटच्या अगदी खाली नेला. करंट जोडणारे-तोडणारे रिले आणि फ्यूज त्याच्याच शेजारी घेतले. सगळ्यावर जाड डबा, झाकणाला रबर, झाकण हाताने फिरवायच्या चार नटांनी बंद. प्रत्येक कपलरमध्ये ग्रीस भरलं. डब्यात शिरण्याआधी प्रत्येक वायरीला खाली एक झोका दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी टपकून जातं, आत जात नाही. आणि डब्याच्या तळाला काडी जाईल एवढं भोक ठेवलं, कारण पाणी कितीही अडवा, ते कुठून ना कुठून येणारच. त्याला जायला वाट ठेवावी.

वहिनी रोज चहा घेऊन यायच्या आणि बारीक लक्ष ठेवायच्या. मी त्यांना सांगितलं, "वहिनी, गाडीचा जीव या डब्यात आहे." त्यांनी कॅलेंडरच्या मागे नियम लिहून घेतले. डबा उघडण्याआधी बॅटरीची वायर काढायची. गाडी गरम असेल तर डबा उघडण्याआधी आणि पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं थांबायचं. आणि तिसरा मी तीनदा लिहायला लावला: डब्यावर पाणी नाही, म्हणजे नाही!

*

आता वकिलाचं ऐका.

सुधाकरने जीपला स्नॉर्कल बसवून घेतलं. छतापर्यंत जाणारं ते काळं नळकांडं असतं ना, ते. इंजिनाला श्वास घ्यायला वरून हवा मिळते, एवढंच त्याचं काम. मी त्याला फोनवर सांगितलं, "सुधाकर, नाक वर केलं म्हणजे बाकीचं अंग बुडत नाही असं नाही. आधी वायरिंग करून घे."

"अरे, बसवणारा म्हणाला आता पाण्याखालून न्या!"

बसवणाऱ्याचं काय जातं? श्रावणात हा गृहस्थ देवासजवळच्या एका नाल्यात सीटपर्यंत पाणी येईतो उतरला आणि बाहेरही आला. इंजिन ठणठणीत. मग पाचच मिनिटांनी माझा फोन वाजला. मागे अखंड हॉर्न.

"विलास, गाडी आपल्या मनाने वागतेय! काचा खाली-वर होतायत, वायपर चाललेत, हॉर्न थांबत नाही!"

"बॅटरीची वायर काढ!"

"काय?"

"बॅटरीची वायर काढ!"

"ऐकू येत नाही रे, हॉर्न वाजतोय!"

हा शहाणा तसाच गावात शिरला. देवासच्या देवीच्या टेकडीखालच्या रस्त्यावर लोकांनी दोन्ही बाजूंना होऊन वाट करून दिली. एकाने नमस्कारही केला, कुणी मंत्री आला असं समजून. वकिलाने खिडकीतून हात हलवला. का? तर म्हणे, लोक नमस्कार करत होते! गाडी माझ्या दुकानात टेम्पोवर लादून आली. मी वायरिंगचा लगदा बाहेर काढून त्याच्यासमोर धरला. अख्खा आठवडा त्या कामात गेला आणि हा अजून तोंड वर करून सांगतो, "पण विलास, एक मान्य कर. इंजिन बंद पडलं नाही!"

*

बेडकाचा किस्सा कैलाश भियाचा.

कैलाश भिया सज्जन माणूस. ढाब्यावर कुणाला उपाशी जाऊ देणार नाही. पण ऐकायचं नाही, हा बाणा. मी डॉक्टरच्या डब्याला भोक ठेवलं ते त्याने पाहिलं आणि हसला. "भिया, आप पानी रोकने के लिए डिब्बा बनाते हो और उसमें खुद ही छेद करते हो?"

मी समजावलं. बाहेर ऊन, आत गरम, मग अचानक गार पाणी. डब्यातली हवा आक्रसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी आत ओढते. आत आलेलं पाणी बाहेर जायला हवं. त्याने मान डोलावली, घरी गेला आणि सिलिकॉनच्या सात ट्यूब आणून स्वतःच्या जीपच्या ईसीएमचा डबा, झाकण, वायरी, सगळं लिंपून टाकलं. तळाचं भोकसुद्धा!

भाद्रपदात त्याची जीप माझ्या दारात आली, ट्रकला बांधून. मी स्क्रूड्रायव्हरने सिलिकॉन खरवडायला घेतलं तर दुपार झाली. झाकण निघालं आणि तांब्याभर गढूळ पाणी माझ्या पायावर सांडलं. त्यात बोटाच्या पेराएवढा एक बेडूक! जिवंत! तो बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि दुकानात शिरला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कैलाश भिया, ये क्या है?"

कैलाश भियाने डब्यात बोट फिरवून बघितलं. मग त्याचा चेहरा उजळला. "मतलब भिया, सीलिंग तो पक्की थी ना? एक बूँद बाहर नहीं आई!"

*

पण माझा खरा वैरी तांदूळ आहे.

कुणाचा तरी मोबाईल कधीतरी पाण्यात पडला, त्याने तो तांदळात ठेवला आणि तो चालला. झालं! तेव्हापासून प्रत्येक माणूस इंजिनियर. धरमपुरीचे एक गुरुजी आहेत, निवृत्त. नर्मदेच्या काठाकाठाने जीप घेऊन देवळं करत फिरतात. त्यांची जीप किनाऱ्याच्या गाळात बसली, ईसीएम बुडाला. गुरुजींनी तो स्वतःच्या हाताने काढला, पुसला आणि तांदळाच्या कोठीत पुरला. चार दिवस! पाचव्या दिवशी पंच्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले.

कपलर उघडला तर पिना हिरव्या आणि दोन पिनांच्या मध्ये तांदळाचा एक दाणा अडकलेला, फुगून टरारलेला.

"गुरुजी, आत काय गेलं होतं? पाणी. पाण्याबरोबर काय गेलं? गाळ. तांदूळ काय गाळ चाटून काढतो? पाणी उडून जातं, गाळ आणि क्षार बसून राहतात आणि पिना खात सुटतात! त्याच दिवशी आणला असता तर वाचला असता!"

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी चाळीस वर्षं मुलांना अशीच बोलणी ऐकवली असतील, त्यांना सवय होती. मग चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे तांदूळ नवा होता म्हणून असं झालं का? जुना घ्यायला हवा होता?"

मी त्या दिवशी दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं, ज्या दिवशी मी गाडीचा भाग तांदळात ठेवीन त्या दिवशी माझ्या दुकानाला कुलूप लावा. गुरुजी जाताना म्हणाले, "रागावू नका. कोठीतल्या तांदळाचा आज भात केला होता. डिझेलचा वास येतो."

*

या काळात डॉक्टरची जीप कशी होती? उत्तम! आषाढ गेला, श्रावण गेला, जीप दर दोन दिवसांनी नाला ओलांडत होती. मी रोज फोन करायचो. "चालू आहे?" "चालू आहे." एवढंच बोलणं. माझी बायको म्हणायला लागली की सासरी गेलेल्या मुलीचीसुद्धा तुम्ही एवढी चौकशी करत नाही.

भाद्रपदात डॉक्टर काही औषधं न्यायला धामनोदला आला आणि आम्ही कैलाश भियाच्या ढाब्यावर भेटलो. मी पोह्यांची प्लेट घेतली, शेव घातली, सहज मागे वळून बघतो तर ढाब्याच्या वॉशिंगवर डॉक्टरची जीप उभी! बोनेट उघडं! आणि वॉशिंगवाला प्रेशरची बंदूक घेऊन नेम धरतोय! नाल्यातलं पाणी बिचारं निमूट वाहतं. प्रेशरचं पाणी रबराच्या आत घुसतं, ग्रीस उडवून लावतं. नाल्याने जे तीन महिन्यांत केलं नाही ते हा माणूस तीन सेकंदांत करणार होता!

मी धावलो. प्लेट हातात तशीच. बोनेट आणि बंदूक यांच्यामध्ये जाऊन पाठ करून उभा राहिलो आणि त्याच क्षणी त्याने घोडा दाबला.

काय लागतं ते प्रेशर! शर्टाचं एक बटण मला परत मिळालं नाही. पोहे तर हायवेवर गेले.

वॉशिंगवाला रडकुंडीला आला. "साब, डॉक्टरसाब ने मेरी बकरी बचाई थी. मैं तो फ्री में चमका रहा था!"

मी डोक्यापासून पायापर्यंत निथळत त्याला पाणी, वायरिंग, अक्कल या विषयांवर बरंच ऐकवलं. ढाब्यावरचे ट्रकवाले जेवण टाकून बाहेर आले. माझं संपल्यावर कैलाश भियाने टॉवेल दिला आणि डबा उघडून बघितला. "भिया, टेन्शन मत लो. गाड़ी एकदम सूखी है." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "छेद तो आपके लिए भी रखना था!"

*

दहा मिनिटांच्या नियमाचं काय झालं, तेही सांगतो.

डॉक्टरने तो नियम तंतोतंत पाळला. नाल्यापाशी आला की इंजिन बंद, बोनेट उघडं. खाली उतरायचा, काठीने पाण्याची खोली बघायचा, मग नाल्याकडे तोंड करून हात पुढे धरून उभा राहायचा, घड्याळात दहा मिनिटं होईपर्यंत. बोलायचा नाही, कारण बोलला की वेळ चुकते म्हणे.

पलीकडून डॉक्टरला न्यायला आलेला गवळी मागे उभा. त्याने एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा चप्पल काढून, हात जोडून तोही उभा राहिला. पुढच्या वेळी त्याने नारळ आणला. डॉक्टर म्हणाला, "अरे, इंजन ठंडा कर रहा हूँ!" गवळी म्हणाला, "हव साब, सब ठंडा होना चाहिए." आणि नारळ फोडला.

नवरात्राच्या आधी मी लोहारद्याकडे चाललो होतो. त्या नाल्याच्या अलीकडे तीन ट्रॅक्टर, दोन मोटारसायकली आणि एक बैलगाडी ओळीने उभी. रस्ता मोकळा, पाणी पोटरीएवढं. मी ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "क्या हुआ?"

"दस मिनट का है."

"क्यों?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परगावचा अडाणी. "नाला है भिया, दस मिनट तो देना पड़ता है."

बैलसुद्धा उभे होते! बैलांना कुठला ईसीएम? मी ओरडून सगळ्यांना समजावायला गेलो, गरम डबा, गार पाणी, आक्रसलेली हवा. एक म्हातारा मला म्हणाला, "बेटा, दो मिनट बचे हैं, चुप रह."

*

आणि खंडेनवमी उजाडली.

आमच्यात त्या दिवशी शस्त्रांची पूजा. तलवारी गेल्या, पण पूजा राहिली. आता पक्कड, पाना, टेस्टर, सुई, सिरिंज, जे पोट भरतं ते पाटावर मांडायचं. वहिनींचा आदल्या दिवशी फोन आला. "भावजी, दुकानाची पूजा सकाळी लवकर उरका आणि इकडे जेवायला या. तुमची पक्कड आणि टेस्टर घेऊन या, आमच्या पूजेत ठेवायचेत. उद्याचा दिवस गेला की परवा दसरा. तुम्ही शब्द पाळलात." आवाज ओला होता. मी लगेच पिशवी भरायला घेतली.

मी पोचलो तेव्हा अंगणात रांगोळी, जीपला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. पाटावर डॉक्टरचा स्टेथोस्कोप, कात्री, सिरिंजा, सगळ्यांना हळदीकुंकू. वहिनी नऊवारी नेसल्या होत्या. जीपचं बोनेट उघडं होतं आणि माझ्या डब्याचं झाकण बाजूला, केळीच्या पानावर काढून ठेवलेलं होतं.

मी पिशवी खाली टाकली. "वहिनी, डबा कोणी उघडला?"

"मीच. घाबरू नका, सगळं तुमच्या नियमाने केलंय. आधी बॅटरीची वायर काढली. मग दहा मिनिटं थांबले. मग नट सोडले, चारही. जिवाची पूजा वरून झाकण ठेवून कशी करायची?"

मी डब्यात वाकून बघितलं. ईसीएमवर स्वस्तिक. रिलेंवरून पांढरं ओघळलेलं. फ्यूजच्या रांगेत तुळशीचं पान. तळाला मी ठेवलेलं भोक दह्याने बुजलेलं होतं आणि त्यावर मधाचं तळं साचलं होतं. कपलरमधून तुपाचा वास येत होता.

"वहिनी, हे काय घातलंत?"

"पंचामृत." त्या अभिमानाने म्हणाल्या. "पाण्याला तुमची मनाई होती ना? एक थेंब पाणी घातलं नाही, भावजी. नेहमी आधी पाण्याने स्नान घालतात, तेसुद्धा टाळलं. भटजी रागावले तर मी बघून घेईन."

डॉक्टर मागे येऊन उभा राहिला होता. त्याने डब्यात बघितलं आणि खाली पायरीवर बसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडचा गवळी होता. त्याची गाय सकाळपासून विताना अडली होती. तोच नाला. गेल्या वर्षी गेलेली गायही त्याचीच.

आता वहिनींना कळलं. आमच्या तोंडांकडे बघूनच कळलं. हातातली पळी खाली पडली. "भावजी, मी मारली का हो गाडी?"

मी वर्षभर लोकांवर ओरडतो. पण ज्या बाईने नवऱ्याच्या जिवासाठी अट घातली, तिनेच त्याच्या गाडीला जीव समजून दूधमध घातलं, तिच्यावर काय ओरडणार!

डॉक्टर म्हणाला, "बंद पडली, विलास. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. जाऊ दे. मी बदलीचा कागद लिहितो."

"थांबा!" वहिनींनी पदराने डोळे पुसले. "अट काय होती? पाण्याने बंद पडली तर. ही पाण्याने पडलेली नाही. अट मी घातलीय, मीच सांगणार. जीप विकायची नाही! भावजी, आता काय आणू? तांदूळ आणू?"

"तांदूळ नको!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारची कोंबडी भिंतीवरून उडाली. पण ओरडलो आणि माझं डोकं चालायला लागलं. बॅटरीची वायर काढलेली होती. म्हणजे करंट नव्हता. काही जळलेलं नव्हतं! या बाईने नियम पाळला होता, एकही माणूस पाळत नाही तो. साखर आणि दूध मात्र वाळून चिकटायच्या आत निघायला हवं होतं. मी सकाळी दुकानात कुंकू लावलेली पक्कड हातात घेतली, ईसीएम बाहेर काढला, रिले उपटले, पिशवीतून बॅटरीच्या पाण्याच्या, म्हणजे गाळ-क्षार नसलेल्या शुद्ध पाण्याच्या, दोन बाटल्या काढल्या, एकीचं बूच दाताने उघडलं आणि बाटली डब्यावर उपडी केली.

वहिनींनी झडप घालून माझं मनगट धरलं. "भावजी! पाणी?"

"सोडा वहिनी, हात सोडा!"

"वेड लागलं का तुम्हाला? डब्यावर पाणी घालताय!"

डॉक्टरने त्यांना बाजूला केलं. मी भोकातलं दही काडीने काढलं आणि ओतत राहिलो. ईसीएमचे कपलर धुतले, रिले धुतले, फ्यूजची रांग धुतली. भोकातून आधी पांढरं आलं, मग पिवळं, मग स्वच्छ. मग फुंकर, मग सायकलचा पंप, मग पिना पुसायचा स्प्रे, मग सगळं पितळेच्या ताटात मांडून उन्हात. गवळ्याचा दोनदा फोन आला. अर्ध्या तासाने मी डबा जोडला, बॅटरीची वायर लावली आणि डॉक्टरला म्हणालो, "लाव किल्ली." 

जीप एका सेल्फमध्ये सुरू झाली.

डॉक्टर पेटी घेऊन बसला आणि झेंडूच्या माळेसकट निघाला. नाल्यावर दहा मिनिटं थांबला की नाही, मी विचारलं नाही. दीड तासाने फोन आला. कालवड झाली होती. गाय उभी होती.

आम्ही ओटीवर बसलो. पुरणपोळ्या गार झाल्या होत्या. वहिनी रिकाम्या बाटल्या हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत होत्या. मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, मागची बाजू वळवली, तीनदा लिहिलेल्या तिसऱ्या नियमावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मग भावजी, अख्खा पावसाळा त्या पाण्याला एवढ्या शिव्या कशाला दिल्यात?"